तिसरं प्रकरण

डच मुलखाच्या उत्तर टोकाला, डोक्कुम गावाच्या पुढं, जिथून समुद्राचा बांध दिसतो, तिथं वोब्बे राइट्स्माचा गोठा आहे. हिस्के त्याची धाकटी मुलगी. त्या घरात पुस्तकांपेक्षा गमबूट जास्त, तरी पोरगी शिकली, विद्यापीठात गेली आणि पीएच.डी.ला लागली. वोब्बेला विषय कधीच नीट कळला नाही. दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याला तो सांगायचा, "म्हाताऱ्यांच्या डोक्यावर संशोधन करते. घरचंच गिऱ्हाईक आहे आमचं. एक माझी आई आणि दुसरा मी."

विषय होता स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचा. आमच्याकडे अशा म्हाताऱ्यांना दिवसभरासाठी शेतावर नेऊन सोडतात. ती कोंबड्यांना दाणे टाकतात, बटाटे सोलतात, गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहतात. संध्याकाळी व्हॅन त्यांना घरी पोचवते. खर्च नगरपालिकेचा. शेतावर जाणारी माणसं चार भिंतींत बसणाऱ्यांपेक्षा कमी घाबरतात का, उशिरा विसरतात का, हे हिस्केला पाहायचं होतं. प्रबंधाची प्रकरणं पाच. चार तिनं आमच्याच भागातल्या शेतांवर हिवाळेच्या हिवाळे काढून लिहिली. म्हाताऱ्यांसोबत बसून, त्यांच्याबरोबर वाटाण्याचं सूप खाऊन, तेच तेच प्रश्न दर महिन्याला नव्यानं विचारून.

तिसरं प्रकरण दक्षिणेतल्या लिम्बर्गमधल्या शेतांचं. त्याचे आकडे तिला तिच्या गाइडनं दिले होते.

गाइड म्हणजे प्राध्यापक ओन्नो फान वालसेम. उंच, मऊ आवाजाचे, विद्यार्थ्यांच्या वाढदिवसाला स्वतः केक आणणारे. हिस्के रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी तिच्या टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवला. "हे लिम्बर्गचं. तू यायच्या आधीच गोळा झालंय. मला लिहायला सवड नाही, तू लिही. नाव तुझं पहिलं." कुठली विद्यार्थिनी नाही म्हणेल? तिनं लिहिलं. तिची स्वतःची प्रकरणं अडखळत, 'कदाचित' आणि 'बहुधा' करत चालायची. तिसऱ्यात मात्र सगळं लख्ख. ते मोठ्या नियतकालिकानं छापलं, वर्तमानपत्रांनी उचललं, मंत्रालयानं आपल्या अहवालात घेतलं. गावोगावी नवी शेतं उघडली.

प्रबंध छापून झाला, व्हायवाची तारीख ठरली, सभागृह मिळालं. आदल्या आठवड्यात हिस्केनं गाडीत पुस्तकाच्या प्रती टाकल्या आणि लिम्बर्गची वाट धरली. ज्यांच्या शेतांवर हे सगळं झालं त्यांना एकेक प्रत हातानं द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कुणाचं काही घेतलं की दारात जाऊन आभार मानतात, म्हणून ती गेली.

आकड्यांसोबत आलेल्या पत्त्यांतलं पहिलं शेत हारी क्रोम्बाख नावाच्या विधुराचं. त्यानं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"म्हातारी माणसं? माझ्याकडं? कधीची गोष्ट?"

हिस्केनं साल सांगितलं.

"तेव्हा इथं डुकरं होती, बाई. गोठाभर डुकरं. म्हातारी माणसं आणायला लागलो ते बायको गेल्यावर, परवा परवा."

"पण विद्यापीठातून कोणी आलं असेल ना? प्रश्न विचारायला?"

"डुकरांना?"

तो मोठ्यानं हसला. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि हसायचा थांबला. "बस जरा. पाणी देऊ का?"

ती बसली नाही. दुसऱ्या पत्त्यावर गेली. तिथल्या बाईनं दारातूनच सांगितलं की आमच्याकडं असलं काही कधी नव्हतं आणि आम्हाला काही विकतही घ्यायचं नाही. तिसऱ्या पत्त्यावर शेतच नव्हतं, कॅराव्हॅनचं दुकान होतं. हिस्के त्या दुकानाच्या आवारात गाडीत बसून राहिली. विक्रेता येऊन काचेवर टकटक करून गेला, तेव्हा तिनं गाडी वळवली.

रविवारी ती फान वालसेमांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं कॉफी दिली, डब्यातलं एक बिस्किट दिलं, डबा मिटला आणि दार ओढून घेतलं. हिस्केनं सगळं सांगितलं. फान वालसेमांनी तिचं बोलणं मधे एकदाही तोडलं नाही.

"एका संस्थेला काम दिलं होतं," ते शेवटी म्हणाले. "त्यांनी पत्त्यांचा घोळ घातला असेल."

"सर, कुठली संस्था?"

"बंद पडली ती. हे बघ हिस्के, चार प्रकरणं तुझी आहेत ना? तुझ्या घामाची? मग? व्हायवा होऊ दे. मग आपण दोघं बसू, शांतपणे पाहू. चूक निघाली तर दुरुस्ती छापू."

"पण मला उभं राहून त्याचं समर्थन करावं लागेल."

"कोणी विचारणार नाही गं. व्हायवा म्हणजे लग्न असतं. लग्नात कोणी नवरीला विचारतं का, खात्री आहे का म्हणून?" त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या आजीनं कोट घेतलाय ना नवा? तूच सांगत होतीस. त्या म्हातारीचा दिवस नासवू नकोस."

ती घरी आली आणि तिनं गप्प राहायचं ठरवलं.

आमच्या विद्यापीठांतली व्हायवा खरंच लग्नासारखी असते. परीक्षक काळे झगे घालून ओळीनं येतात. उमेदवाराच्या मागं करवल्यांसारखे दोन सोबती उभे असतात. पाऊण तास प्रश्नोत्तरं, मग घुंगरू लावलेला दंड घेऊन चोपदार येतो, जमिनीवर दंड आपटतो आणि लॅटिनमध्ये वेळ संपल्याचं पुकारतो. तिथं सगळं थांबतं. कोणी नापास होत नाही. पुढच्या रांगेत वोब्बे बसला होता, नव्या टायनं गळा आवळलेला. शेजारी आजी, निळ्या कोटात. मागं सगळं गाव. गोठा शेजाऱ्यावर सोपवून आले होते. प्रश्नोत्तरं इंग्रजीत, कारण परीक्षकांत परदेशी लोक होते. गावकऱ्यांना 'थँक यू'च्या पुढचं काही कळत नव्हतं आणि त्यामुळं ते सगळे अतिशय अभिमानानं ऐकत होते.

हिस्के चांगली बोलली. शेवटचा प्रश्न बेल्जियमहून आलेल्या फेर्ले मास या प्राध्यापिकेचा होता. बाई सहज म्हणाल्या, "तिसरं प्रकरण फारच सुबक आहे. इतरांपेक्षा इतकं सुबक कसं? त्या आकड्यांची ग्वाही तुम्ही द्याल का?"

सोबती म्हणून मागं उभी असलेली लोनेके, हिस्केची खात्यातली मैत्रीण, पुढं म्हणाली होती की त्या क्षणी हिस्केची मान ताठ झाली. हे तिनं म्हटलं खरं, पण फार नंतर, आणि एकांतात.

"अतिविद्वान परीक्षक," हिस्के म्हणाली. अशीच सुरुवात करायची पद्धत आहे. "नाही. मी ग्वाही देऊ शकत नाही. मी त्या शेतांवर जाऊन आले. त्या काळात तिथं रुग्ण नव्हतेच."

मागचं दार उघडलं होतं. घुंगरू वाजत होते. चोपदार मधल्या वाटेनं आला, त्यानं दंड आपटला आणि वेळ पुकारली.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उमेदवाराला आपलं वाक्य पूर्ण करायचं आहे का?"

"माझं वाक्य पूर्ण झालंय," हिस्के म्हणाली.

परीक्षक उठले, रांगेनं आतल्या खोलीत गेले. त्यांना यायला नेहमीपेक्षा जरा उशीर झाला. वोब्बेनं मागं वळून गावाला अंगठा दाखवला. हिस्के उभीच होती. तिला वाटत होतं, आता दार उघडेल आणि सांगतील की आज पदवी नाही. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

दार उघडलं. परीक्षक आले. अध्यक्षांनी पदवी जाहीर केली.

मग शपथ. संशोधनात प्रामाणिकपणा, काटेकोरपणा आणि सचोटी पाळाल, असं वचन देता का? अध्यक्ष तिच्याकडं पाहत थांबले. हिस्केला काहीच समजेना. तिनं विचार केला, यांनी ऐकलंय, आत चर्चा केली आहे, चार प्रकरणं पुरेशी मानली आहेत, तिसऱ्याचं पुढं काही करणार असतील. एवढे मोठे लोक. "वचन देते," ती म्हणाली. फान वालसेमांनी लाल लाखेची मोहोर लावलेली पदवी तिच्या हातात दिली आणि भाषण केलं. "हिस्के गोठ्यातून आली, पण आमच्या खात्यातला शेणाचा वास तिच्यामुळं नाही, हे मी खात्रीनं सांगतो." सभागृह हसलं. हे डच भाषेत होतं, त्यामुळं गावही हसलं.

पार्टीत मांसाच्या तळलेल्या गोळ्यांच्या ताटाजवळ फेर्ले मास तिच्यापाशी आल्या. हात दाबून हलकेच म्हणाल्या, "धीट आहेस, पोरी." आणि गाडी गाठायला निघून गेल्या.

म्हणजे ऐकलं होतं.

हिस्के वाट पाहत राहिली. फान वालसेम शांतपणे बसून पाहणार होते, ते परिषदेला पोर्तुगालला गेले. आल्यावर भेटेनात. महिना गेला तेव्हा हिस्केनं स्वतः विद्यापीठाच्या सचोटी समितीकडं तक्रार दिली. तिसऱ्या प्रकरणातले रुग्ण अस्तित्वात नाहीत, तपास करावा.

समितीनं तपास केला आणि तो चोख केला, हे मान्य करायला हवं. दोन महिन्यांत त्यांनी शोधलं की रुग्ण नव्हते, शेतांवर कुणी गेलं नव्हतं, आकडे कुणीतरी बसून बनवले होते. राहिला प्रश्न, कुणी?

फान वालसेम समितीसमोर आले तेव्हा फार खचलेले दिसत होते. म्हणाले, "आकडे तिनंच आणले. मी विश्वास ठेवला. विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवू नये असं मी अजून शिकलो नाही, हा माझा दोष." पेनड्राइव्ह केव्हाच हरवला होता. मूळ फाइल खात्यातल्या सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर बनली होती, आणि बनली होती हिस्के रुजू झाल्यानंतर.

मग समितीनं हारी क्रोम्बाखला बोलावलं. हारी सरळ माणूस. त्यानं जे होतं ते सांगितलं. "आमच्याकडं विद्यापीठाचं कोणीच आलं नाही. फक्त ही मुलगी आली होती, पुस्तक घेऊन. तिला मी डुकरांचं सांगितलं. पांढरीफटक पडली बिचारी." आपण तिच्या बाजूनं बोललो अशा समाधानात तो लिम्बर्गला परतला.

पुढच्या बैठकीला समितीच्या अध्यक्षांनी, ते निवृत्त न्यायाधीश होते, हिस्केला विचारलं, "लिम्बर्गला आपण व्हायवाच्या आधी गेला होता?"

"हो."

"म्हणजे परीक्षेला उभ्या राहिलात तेव्हा आपल्याला ठाऊक होतं."

"हो. आणि मी ते तिथंच सांगितलं."

"कुणाला?"

"सभागृहाला. सगळ्यांसमोर."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, मी परीक्षकांना विचारलंय. आपण काहीतरी बोलत होता, घुंगरांच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. वाक्य पूर्ण करण्याची संधी दिली गेली. आपण नाकारली."

"मी म्हणाले की पूर्ण झालंय!"

"तेच म्हणतोय मी."

फेर्ले मास यांचं म्हणणं बेल्जियममधल्या घेंटहून आलं होतं. उमेदवार घाबरलेली वाटली, नेमके शब्द आठवत नाहीत, इतकंच. त्यांचा आणि फान वालसेमांचा एक मोठा युरोपीय प्रकल्प नुकताच मंजूर झाला होता, पण त्याचा याच्याशी संबंध होता असं कोणी सिद्ध करू शकत नाही आणि मीही म्हणत नाही.

हिस्के लोनेकेकडं गेली. लोनेकेनं तिला स्वयंपाकघरात बसवलं, पण अंगातला कोट काढ असं म्हटलं नाही.

"तू माझ्या मागं हातभर अंतरावर होतीस," हिस्के म्हणाली.

"होते."

"ऐकलंस."

लोनेके नळ उघडून भांडं धुवायला लागली. "माझं कंत्राट वर्षभराचंच आहे, हिस्के. घराचा हप्ता आहे. तुझं काय, तुझ्या बापाकडं गाई आहेत."

"ऐकलंस ना?"

"मी पडले म्हणून तू उठशील, असं थोडंच आहे? तू तर पडलीच आहेस." भांडं धुऊन झालं तरी ती ते धूतच राहिली. "निघ आता. ते येतील इतक्यात."

"कोण?"

हिस्के सायकलवर बसली तेव्हा फान वालसेमांची गाडी कोपऱ्यावरून वळत होती. त्यांनी तिला हात केला.

त्या शनिवारी ती गावी गेली. वोब्बे जेवणाच्या टेबलाशी बटाटे कुस्करत होता. आजी आत झोपली होती.

"बाबा, त्या दिवशी सभागृहात मी शेवटी काय बोलले, तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं ना. पहिल्याच रांगेत होतो."

"काय बोलले?"

वोब्बेनं काटा खाली ठेवला. "तू सांग काय बोललीस ते. मी तेच ऐकलं."

"तसं नाही, बाबा."

"का नाही? माझा कान, माझी साक्ष. कुठं यायचं ते सांग. टाय घालून येतो. येशूची शपथ घेऊन सांगतो त्या न्यायाधीशाला. अख्खं गाव उभं करतो. टँकरवाल्यालासुद्धा."

"टँकरवाला नव्हता तिथं."

"असता तर त्यानं ऐकलं असतं."

हिस्के रडायला लागली. वोब्बेला वाटलं आनंदानं रडते. तो उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. "चार ओळी इंग्रजीत लिहून दे फक्त. पाठ करतो. मी शाळेत कविता पाठ करायचो."

"नको."

"अगं पण तू खरंच बोललीस ना ते?"

"बोलले."

"मग खोटं कुठंय त्यात?"

तिनं त्याचं नाव साक्षीदारांत दिलं नाही, गावातल्या कुणाचंच दिलं नाही. वोब्बेला ते लागलं. तिला आपली लाज वाटते, आपण गावंढळ म्हणून तिनं आपल्याला तिथं नेलं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं आणि ते कधीच गेलं नाही. त्यानंतर तो तिच्याशी हवामानाबद्दल बोलायचा.

निकाल लागला. उमेदवारानं आकडे खोटे असल्याचं ठाऊक असताना प्रबंधाचं समर्थन केलं आणि सचोटीची शपथ घेतली. आकडे तिनंच बनवले हे निःसंशय सिद्ध होत नाही, तथापि नाकारताही येत नाही. पदवी रद्द. गाइडला देखरेखीतल्या ढिलाईबद्दल लेखी समज. नव्या वर्षापासून विद्यापीठानं सगळ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनातल्या सचोटीवर एक सक्तीचा वर्ग सुरू केला. शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. फान वालसेमांनी ते काम घेतलं आणि, मुलं सांगतात, फार मनापासून शिकवतात. उदाहरण नाव न घेता देतात, सांगताना त्यांचा आवाज जड होतो.

वर्तमानपत्रांत हिस्केचं नाव आलं. कुठलं प्रकरण खरं, कुठलं खोटं, एवढं कोण वाचतं? 'शेतावरच्या म्हाताऱ्यांचं संशोधन बोगस', इतकंच लोकांच्या लक्षात राहिलं. मंत्रालयानं अहवाल मागं घेतला. आमच्या नगरपालिकेला खर्च कापायला निमित्तच हवं होतं. आधी व्हॅन बंद झाली, मग शेतं. जिथं हिस्केनं हिवाळे काढले होते, तीही.

ती बापाच्या गोठ्यात राबू लागली. नोकरीसाठी दोनतीन ठिकाणी अर्ज केले होते, पण नाव टाकलं की संगणकावर पहिली तीच बातमी यायची.

मार्चमध्ये एक बाई सायकलवरून आली. बाउक्ये तिचं नाव. तिची आई यान्त्ये त्या शेतांवर येणाऱ्यांतली, हिस्केच्या दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणातली. दोन हिवाळे हिस्के तिच्याशेजारी बसली होती. यान्त्ये घरी रात्ररात्र ओरडायची आणि शेतावर गेलेल्या दिवशी शांत झोपायची. हे हिस्केनं मोजलं होतं, लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.

बाउक्ये सायकलवरून उतरली, पण फाटकाच्या आत आली नाही.

"माझ्या आईचंही खोटंच होतं का?"

"नाही. तुमच्या आईचं सगळं खरं आहे. एक एक शब्द."

"पेपरात तर तसं नाही."

"पेपरात चुकीचं आहे."

"सगळे चूक, तूच बरोबर." बाउक्येनं हँडल घट्ट धरलं होतं. "ती आता बंद वॉर्डात असते. दार उघडत नाही म्हणून कडी उपटायला बघते. नखं गेलीत तिची. खुर्चीला पट्ट्यानं बांधतात दुपारची. तू काय केलंस माहितेय? शेत बंद केलंस तिचं."

"मी येऊ का तिला भेटायला?" हिस्के म्हणाली. "बसेन तिच्याजवळ. रोज येईन."

"नको."

"मला ओळखत होती ती. इतर कोणाला नाही, पण मला—"

"अजून ओळखते. नाव नाही येत, पण विचारते. गाईंजवळ बसायची ती मुलगी कुठाय? रोज विचारायची. मी सांगून टाकलं."

"काय सांगितलं?"

"मेली म्हणून."

हिस्केच्या हातात दुधाची बादली होती. तिनं ती खाली ठेवली नाही.

"दोन दिवस रडली," बाउक्ये म्हणाली. "मग विसरली. मग पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा रडली. आता जरा थांबलंय विचारायचं. तू येऊ नकोस."

तिनं सायकल वळवली आणि बांधाच्या दिशेनं, वाऱ्याच्या उलट, उभं राहून पेडल मारत ती निघून गेली.